सेवेचा हिशेब

आपल्या भाषेत 'सेवा' हा शब्द मोठा पवित्र मानला जातो. पण पवित्र शब्दांचा एक दोष असा की, त्यांच्याकडे हिशेब मागायला माणसाला संकोच वाटतो. रुग्णालयांतील परिचारिकांचा आपल्याकडील इतिहास चाळला, म्हणजे हा संकोच किती महागात पडला आहे ते ध्यानात येते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोहोचला. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना उघडला. तेथे शुश्रूषा करता करताच सावित्रीबाईंना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. या त्यागापुढे आज आपण मस्तक नमवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सहासष्ट वर्षांच्या एका वृद्धेला रोग्यांची उस्तवार करावी लागावी, इतकी शिकलेल्या हातांची वाण त्या पुण्यनगरीत का होती, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

उत्तर अवघड नाही. रोग्याचे मलमूत्र काढायचे, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाला पाणी पाजायचे आणि रात्र घराबाहेर काढायची, हे काम 'चांगल्या घरच्या' मुलीचे नव्हे, असे समाजाने ठरवून टाकले होते. रोग्याला शुश्रूषा हवी होती. ती करणारी मात्र आपल्या घरातली नको होती. परिणामी हा भार दीर्घकाळ मिशनरी इस्पितळांनी आणि ख्रिस्ती मुलींनी वाहिला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पश्चात रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि तेथील विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली. विधवेने दुसऱ्याच्या आजारपणात राबून स्वतःची भाकर मिळवावी, ही कल्पना त्या काळच्या वाड्यावाड्यांतून सहज पचण्यासारखी नव्हती. रमाबाईंनी ती पचवावयास लावली, हे त्यांचे मोठेच कर्तृत्व होय.

तरीही संख्या वाढता वाढेना. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० निघाली. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक! त्या वेळी इंग्लंडात हेच प्रमाण ३०० माणसांमागे एक असे होते. २५ वर्षांत, म्हणजे १९७१ पर्यंत, ही संख्या ७,४०,००० वर न्यावी असे समितीने सुचविले. परिचारिकांचे कामाचे तास, पगार आणि राहण्याच्या जागा यांवरही तिने कठोर शब्दांत टीका केली. नवे हात येत नाहीत, आणि आलेले टिकत नाहीत, याचे मूळ तेथेच होते.

मग इस्पितळे चालली कशी? शिकाऊ मुलींच्या जिवावर. शिक्षणाच्या नावाखाली वॉर्डच्या वॉर्ड त्यांच्यावर सोपवायचे आणि कायम जागांचा खर्च वाचवायचा, ही युक्ती कित्येक देशांतील इस्पितळांनी अवलंबिली. आपणही त्यांत मागे नव्हतो. या मुलींच्या थकव्याला 'निष्ठा' असे नाव देणे सर्वांनाच सोयीचे होते.

आजचा हिशेबही जरा मांडून पाहावा. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा की, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. ऐकायला हे किती उदार वाटते! पण आठवड्याच्या पाळ्या एकवीस, आणि एक परिचारिका करणार सहा. साठ खाटांच्या वॉर्डात वीस परिचारिका नेमल्या, तर एका वेळी हजर असतात पाच-सहा; म्हणजे एकीच्या वाट्याला दहा-अकरा रोगी. हेदेखील सर्व जागा भरल्या तर! एक जागा रिकामी राहिली, की तिचे काम नाहीसे होत नाही. ते शेजारणीच्या अंगावर पडते. त्यात आपल्या सरकारी इस्पितळांत खाटा संपल्यावर खाली जमिनीवर गाद्या पडतात. त्या गाद्यांवरचे रोगी कोणत्या दंडकात मोजावयाचे?

येथे कोणी म्हणेल, थकवा तो कोणाला चुकला आहे? परंतु हा थकवा तिच्यापुरता राहत नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांची पाहणी लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जास्त आला, की ती पार गळून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि शस्त्रक्रिया झालेला रोगी तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. वाकलेल्या पाठीचा आणि रिकाम्या झालेल्या खाटेचा संबंध असा थेट आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून एका परिचारिकेकडे किती रोगी द्यावेत याला मर्यादा घातली आणि २००४ पासून ती अमलात आणली. तेथे हा प्रश्न करुणेवर सोडला नाही, कायद्याच्या कलमात बसविला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२०२० हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिकांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. करोनाची साथ मागाहून आली. २२ मार्चच्या संध्याकाळी आपण गच्च्यांवर आणि खिडक्यांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. त्या नादात कृतज्ञता होती, यात शंका नाही. पण त्या रात्री वॉर्डात जिची पाळी होती, तिला थाळीच्या नादापेक्षा सोबतीला आणखी एक जण हवी होती. नाइटिंगेलबाईंच्या हातातील दिव्याचे चित्र आपण भिंतीवर लावतो; इस्पितळातील मृत्यूंची गणती करून त्यांचे तक्ते सरकारपुढे मांडणारी बाईही तीच होती, हे मात्र विसरतो. परिचारिकेला देवी म्हणण्यास पैसा पडत नाही. तिच्या शेजारची रिकामी जागा भरण्यास पडतो. सव्वाशे वर्षांत आपण पहिलेच काम अधिक उत्साहाने केले आहे.