जोहे गावचे कारखाने

पेण शहरातली गणेशमूर्तींची कला हमरापूर, जोहे या गावांत पसरली आणि शेतकऱ्याच्या अंगणात कारखाना आला. शाडूच्या जोडीला प्लॅस्टर आले, साचे आले. पण शेजारी शेजाऱ्यापासून दर लपवी, फावले व्यापाऱ्याचे! मजुरांच्या संघटनेत हयात घालवलेल्या मी मालकांना ‘एकत्र बसा’ म्हणावे, याचे हसू येईल. पण येथला मालक स्वतःच साचा भरतो. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरला मनाई केली, तेव्हा कर्जाची धास्ती घरोघर शिरली. मूर्तिकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवण्याची मुभा मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची नव्हे. न्यायालयासाठी जमलेली हीच मंडळी गणपती गेल्यावर एका ओटीवर बसून दर, उधारी, फुटका माल यांची वही एकमेकांपुढे उघडतील काय?