फुटक्या बांगड्यांचे दफ्तर : चंडीगडची रॉक गार्डन

१/ चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये एका बाजूस ल कॉर्बुझिए या वास्तुरचनाकाराचे कॅपिटॉल संकुल आहे, तर दुसऱ्या बाजूस सुखना तलाव. या दोहोंच्या मध्ये एक अजब संग्रहालय वसले आहे. त्याच्या बहुतेक भागाला छप्पर नाही. तेथील राजे, नर्तकी, माकडे आणि मोर फुटक्या कपबशा, बांगड्यांच्या काचा, विजेची बटणे आणि मोडक्या सायकली यांतून घडले आहेत. आज सरकार जिथे तिकीट लावते, ती जागा पंधराहून अधिक वर्षे कायद्याच्या दृष्टीने निव्वळ अतिक्रमण होती.

२/ या जागेची कथा फाळणीपासून सुरू होते. १९४७ मध्ये पंजाब दुभंगला आणि लाहोर पाकिस्तानात गेले. भारतीय पंजाबला राजधानी उरली नाही. त्यातून चंडीगड उभारण्याचे ठरले. जुन्या परंपरेच्या ओझ्यातून मुक्त, नव्या राष्ट्राच्या आत्मविश्वासाचे शहर अशी नेहरूंची कल्पना होती. १९५१ पासून ल कॉर्बुझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शहराचा आराखडा घडवला : सरळ रस्ते, आखीव सेक्टर, उघडे काँक्रीट.

३/ मात्र ही भूमी कोरी नव्हती. तेथे शेती होती, आंब्याच्या बागा होत्या, नांदती गावे होती. सरकारने जमीन संपादित केली आणि अनेक गावे उठली. घरे पाडली गेली, तेव्हा विटा, कौले, मडकी, चुली, भांडी यांचे ढीग मागे राहिले. नव्या शहराच्या नकाशात या ढिगांसाठी कोणतेही स्थान नव्हते.

४/ त्याच शहरात नेकचंद सैनी रोड इन्स्पेक्टर म्हणून नोकरीला लागले. त्यांचा जन्म १९२४ चा, शकरगढ तालुक्यातील बरियाँ कलाँ या गावचा. फाळणीत हे गाव सीमेपलीकडे गेले आणि शेतकरी कुटुंबातले नेकचंद निर्वासित झाले. स्वतःचे गाव गमावलेला माणूस इतरांची गावे उठवून उभ्या राहणाऱ्या शहरात सार्वजनिक बांधकाम खात्याची चाकरी करू लागला. पुढची सारी कथा समजण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

५/ १९५७–५८ च्या सुमारास शहराच्या उत्तर टोकाच्या राखीव रानात नेकचंदांनी थोडी झाडी साफ केली. त्या पट्ट्यात बांधकामास मनाई होती, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नसे. शिवालिकच्या पायथ्याच्या नद्यानाल्यांतून ते चित्रविचित्र आकारांचे दगड सायकलवर लादून आणत आणि पाडलेल्या घरांचा मलबा जमवत. दिवसा सरकारी नोकरी आणि रात्री जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात काम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पत्नीखेरीज फारच थोड्यांना त्याचा पत्ता होता.

६/ मूर्ती घडवण्याची रीत साधी होती. सायकलचा सांगाडा, लोखंडी सळी किंवा नळी वाकवून आधी हाडे तयार होत. त्यांवर सिमेंट व वाळूचा लेप बसे. लेप ओला असतानाच बांगड्यांच्या काचा, चिनीमातीची खापरे किंवा भट्टीतली जळकी मळी त्यात रुतवली जाई. काचांचा थर हाच मूर्तीचा पोशाख. सायकलच्या बैठकीत त्यांना जनावराचे डोके दिसले आणि तिच्या पुढच्या दुबेळक्यात पाय.

७/ मराठी घरात बांगडी ‘फुटली’ असे म्हणत नाहीत; ती ‘वाढवली’ म्हणतात. अशुभ टाळण्यासाठी योजलेला हा शब्द रॉक गार्डनमध्ये अक्षरशः खरा ठरतो. तेथे हजारो अनाम स्त्रियांच्या मनगटांवरून उतरलेली काच नर्तकींच्या घागऱ्यांवर चढली आहे. या काचेला मालकीण उरलेली नाही, मात्र रंग अजून टिकून आहे.

८/ १९७० च्या दशकाच्या आरंभी हे रहस्य सरकारपुढे उघड झाले. नियमाने पाहता गुन्हा स्पष्ट होता : सरकारी नोकराने, सरकारी जमिनीवर, परवानगीविना केलेले बांधकाम, आणि तेही ज्या शहरात खिडकीचा आकारसुद्धा नियमाने ठरत असे तेथे. ते पाडून टाकणे हा सरळ मार्ग होता.

९/ परंतु पाहायला आलेले अधिकारी थबकले. शहराचे मुख्य वास्तुरचनाकार एम. एन. शर्मा यांनी नेकचंदांना काम थांबवू नये असे सुचवले. चंडीगडच्या वृक्षराजीचे शिल्पकार मानले जाणारे डॉ. एम. एस. रंधावा यांनीही पाठराखण केली. १९७६ मध्ये बागेचे रीतसर उद्घाटन झाले. नेकचंदांना वेतन, कामगार आणि पूर्णवेळ याच कामाची नेमणूक मिळाली. अतिक्रमण करणाराच त्या अतिक्रमणाचा सरकारी अधिकारी झाला!

१०/ आत शिरणाऱ्यास पहिल्याच दारात मान लववावी लागते, कारण बहुतेक दारे मुद्दाम ठेंगणी ठेवली आहेत. वाट अरुंद होते, वळते आणि अचानक चौक उघडतो. पुढे काय येणार, याचा अंदाज लागत नाही. बाहेरच्या शहरात दूरवरचा चौक सरळ दिसतो. येथे दहा पावलांपुढचेही दिसत नाही. पहिल्या टप्प्यात दगड आणि मूर्तींचे चौक, दुसऱ्यात धबधबे व गावासारखी वस्ती, तिसऱ्यात उंच कमानींखाली टांगलेले झोके, असा हा विस्तार आहे. शिंप्यांकडच्या चिंध्यांपासून नेकचंदांनी केलेल्या मोठाल्या बाहुल्याही येथेच पाहायला मिळतात.

११/ मूर्तींइतकेच भिंतींकडे लक्ष द्यावे. कोठे डांबराची रिकामी पिंपे रचलेली आहेत. कोठे ओले सिमेंट भरलेली गोणपाटाची पोती एकावर एक ठेवलेली : पोते कुजून गेले, त्याची वीण मात्र सिमेंटवर उमटून राहिली. कोठे चिनीमातीचे पांढरे विद्युतप्लग शेकड्यांनी बसवलेले, तर कोठे फुटकी वॉशबेसिने. येथे भिंत ही कलाकृतीभोवतीचे कुंपण नसून कलाकृतीच आहे.

१२/ उत्खननात पुरातत्त्वज्ञ खापरांवरून थरांचा काळ आणि लोकांचे राहणीमान ताडतात. रॉक गार्डनमध्ये ते खापर जमिनीखाली न जाता भिंतीवर चढले आहे. उठलेल्या गावाचे मडके आणि नव्या सेक्टरातील संडासाची फरशी शेजारी शेजारी बसली आहे. पेशवे दफ्तरातील रुमालांत राज्यकारभार बांधून ठेवलेला असतो. या दफ्तरात एका शहराच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतील घरसंसार बंद आहे.

१३/ नेकचंदांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये वॉशिंग्टनच्या बालसंग्रहालयात त्यांनी अशीच एक बाग उभारली. ती २००४ मध्ये मोडली गेली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला संग्रहालयात त्यांच्या मूर्ती आजही आहेत. पाश्चात्त्य समीक्षक त्यांना कलाविश्वाबाहेरचा, अशिक्षित प्रतिभावंत म्हणतात. हे वर्णन अपुरे आहे. आईकडून ऐकलेल्या राजा-राण्यांच्या गोष्टी आणि पंजाबी गावातील चौक, विहीर, अंगण हीच त्यांची पाठशाळा होती. ते एका परंपरेच्या आत उभे होते. त्या परंपरेचे गाव तेवढे हरवले होते.

१४/ सरकारमान्यता म्हणजे सुरक्षितता नव्हे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बागेच्या जमिनीचा वाद न्यायालयात गेला. शेजारच्या उच्च न्यायालयातील वकिलांना वाहनतळासाठी जागा हवी होती. १९८९ मध्ये निकाल बागेच्या बाजूने लागला. पुढे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकांनी मानवी साखळी करून ते रोखले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना अनेक मूर्तींची नासधूस झाली. वयाच्या सत्तरीत त्यांना पुन्हा तुकडे जोडावे लागले.

१५/ नेकचंदांचे १२ जून २०१५ रोजी निधन झाले. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेले. शेजारच्या रॉक गार्डनचा त्या नोंदीत समावेश नाही. आखून बांधलेल्या शहराला वारशाचा दर्जा मिळाला. त्याच शहराने टाकून दिलेल्या वस्तूंना मिळाला नाही.

१६/ मार्च २०२५ मध्ये रॉक गार्डनच्या भिंतीचा एक भाग पाडण्यात आला. कारण रस्तारुंदीचे आणि उच्च न्यायालयाच्या वाहनतळाचे होते. शहरातून विरोध झाला, तरी भिंत पडली. साडेतीन दशकांपूर्वी ज्या गरजेविरुद्ध बाग टिकली, त्याच गरजेपुढे या वेळी तिने माघार घेतली.

१७/ भिंत ही केवळ हद्द मानली, तर ती दहा हात मागे पुन्हा बांधता येते. ती दफ्तराचे पान मानली, तर येत नाही. भारतातील शहरे आज आपले जुने वाडे, चाळी आणि बाजार पाडताना हाच निर्णय रोज घेत आहेत, बहुधा प्रश्न न विचारताच. एका रोड इन्स्पेक्टरने तो मलब्याच्या ढिगापाशी उभे राहून विचारला आणि उत्तरादाखल रात्रीच्या अंधारात सायकल भरली.