चौकापासून चौकटीपर्यंत

राजापूर तालुक्यातील आमच्या नाटे गावाभोवती जांभ्या दगडाचे सडे पसरले आहेत. याच तालुक्यात बारसू आणि देवाचे गोठणे येथील सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणी माणसे नि प्राणी कोरून ठेवले. कोकणातील या कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. कोरणाऱ्यांची नावे आपणांस कळणार नाहीत, आणि सडा उचलून कोणी दालनात नेणार नाही. परंतु आदिवासी कलेचा जो भाग उचलून नेता येतो, तो कोणाच्या नावाने मांडला जातो, आणि त्याची किंमत चढली की पैसा कोठे जातो? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ बदलली.

प्रथम आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. १९२५ च्या पवित्र वर्षात पोप अकरावे पायस यांनी व्हॅटिकनमध्ये मिशन प्रदर्शन भरविले. जगभरातील मिशन केंद्रांनी सुमारे एक लाख वस्तू धाडल्या. त्यांपैकी चाळीस हजारांच्या आसपास रोममध्येच राहिल्या व त्यांतून एक संग्रहालय उभे राहिले. त्या काळच्या अशा संग्रहालयांत वस्तूपाशी देशाचे व जमातीचे नाव असे, कर्त्याचे क्वचितच. धाडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र कोणती वस्तू प्रेमाने दिली आणि कोणती दडपणाखाली हातची गेली, हे उकलणे आज कठीण होऊन बसले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी त्या संग्रहातील ६२ वस्तू, तेथील मूळ रहिवाशांकडे परत जाव्यात म्हणून, कॅनडाच्या बिशपांच्या स्वाधीन केल्या.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांची गोष्ट निराळी. तेथे उचलून नेण्याजोगी वस्तूच नव्हती. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. वारली चौक ‘लिहितात’, काढत नाहीत. हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मधोमध पालघाट देवी, आणि धवलेरीच्या गाण्यावाचून विधीला पूर्णता नाही. कार्य उरकले की चित्र हळूहळू पुसट होई, आणि ते जपून ठेवावे असे कोणाच्या मनातही येत नसे.

१९७० नंतरच्या काही वर्षांत पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन या पाड्यांवर आले. बिहारमधील मिथिलेच्या स्त्रियांना त्यांनी आधीच कागद पुरविला होता. येथे त्यांना गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात जिव्या सोमा म्हसे भेटले. विधी नसतानाही हा पुरुष चित्रे काढी. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणेच थांबले होते, आणि ते धुळीत रेघोट्या ओढून आपले मनोगत सांगत. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते निवर्तले. ‘वारली चित्र’ या जमातीच्या नावाशेजारी एका माणसाचे नाव आले, हा या प्रदर्शनांचा मोठाच लाभ. पण भिंत स्त्रियांची होती आणि कागद बहुतांशी पुरुषांच्या हाती गेला, हेही त्याच इतिहासात नोंदले पाहिजे.

जिव्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र आम्हांस विशेष भावते. हजारो बारीक रेषांचे जाळे जवळजवळ सारा पट व्यापते. आमच्या किनाऱ्यावर जाळी शिवीत बसणारा कोणीही ते पाहून थबकेल.

१९८९ मध्ये पॅरिसला ‘पृथ्वीचे जादूगार’ हे गाजलेले प्रदर्शन भरले. त्यात युरोप-अमेरिकेच्या कलावंतांच्या बरोबरीने जिव्या होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील युएन्दुमू वस्तीचे आदिवासी चित्रकारही. त्यांनी दालनाच्या जमिनीवरच मातीचे चित्र मांडले होते. त्यांच्या मुलखातील कथा वारल्यांच्या कथेशी चांगलीच जुळते. पापुन्या येथे १९७१ मध्ये जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या उत्तेजनाने तेथील वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र रंगविले, पुढे फळ्यांवर व कॅनव्हासवर. विधीतील गुप्त खुणा परक्यांस दिसू नयेत, यावरून त्यांच्यातच वाद झाला आणि अनेकांनी त्या वगळल्या वा ठिपक्यांआड झाकल्या. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. आमच्या मते हीच त्यांची खरी दूरदृष्टी; असे काही आपल्याकडे तेव्हाच झाले असते तर!

तरीही पैशाचा ओघ रोखता आला नाही. क्लिफर्ड पॉसम यांचे १९७७ चे एक भव्य चित्र प्रथम १,२०० डॉलरांना गेले आणि काही काळ एका बँकेच्या उपाहारगृहात टांगलेले होते. २००७ च्या लिलावात ते २४ लाख डॉलरांना विकले गेले. चित्रकार २००२ मध्येच वारले होते. वारसांना त्यातून हक्काने काही मिळावे असा कायदा तेथे तेव्हा नव्हता. तो २०१० पासून अमलात आला: पुनर्विक्रीवर पाच टक्के.

वाचकांस कदाचित नवल वाटेल, पण असे कलम आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनेच आले आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस पुन्हा विकले गेले, तर चित्रकारास किंवा त्याच्या वारसांस जास्तीत जास्त दहा टक्के वाटा मागता येतो. मात्र तो मागण्यासाठी चित्र कोणाच्या हातचे, हे आधी सिद्ध व्हावे लागते. हाताने काढलेले वारली चित्र आज कितीतरी बैठकीच्या खोल्यांतून दिसते. चौकट उलटी करून पाहावी: मागे दुकानाची चिठ्ठी असते, की पाड्याचे आणि माणसाचे नाव? नाव असेल तर नवी चौकट बसविताना तो मागचा कागद सुताराकडून परत मागून घ्यावा.