मुठेचा जोर



१२ जुलै जवळ आला की आमच्याकडे कुणीतरी पानशेतचा विषय काढतंच. पाणी किती चढलं, कोण माडीवर अडकलं, हे सगळं दर वर्षी सांगून होतं. मला मात्र आठवतो तो गाळ.

१९६१ साली मी चौथीत होतो. सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली. लकडी पूल पाण्याखाली! पाणी ओसरल्यावर नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरलो तर ओसरीवर गुडघाभर चिखल. उटण्यासारखा मऊ, बोटांना एक खडा लागेल तर शपथ. नदीकाठी मात्र नुसती वाळू, गोटे आणि मोडके वासे. एकाच पुराने दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू का टाकल्या? वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "आधी फावडं धर."

उत्तर मिळालं ते पुढे भूगोल शिकवताना. पाण्याच्या अंगात जोर असतो तोवर ते गोटेसुद्धा लोटत नेतं. जोर ओसरू लागला की आधी गोटे टाकतं, मग वाळू. बारीक गाळ सर्वांत शेवटी, जिथे पाणी उभं राहील तिथे. ते आमच्या ओसरीवर उभं राहिलं होतं. पुष्कळशी घाणही या बारीक गाळालाच चिकटून येते. त्याचा वास कित्येक दिवस भिंतींतून गेला नव्हता. आणि धुवायला पाणी कुठलं? खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे. पेठांतल्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळातले कात्रजच्या पाण्याचे हौद, यांनी तेव्हा पुणं तगवलं.

असो. पुराच्या जोराबद्दल सगळेच बोलतात. मला हल्ली नदीच्या अशक्तपणाची काळजी जास्त वाटते.

दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली, पुढे वरसगाव आणि टेमघरही झाली. पावसाळा संपला की पाणी कालव्यात आणि नळांत जातं. पात्रात उरतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. आजी म्हणायची, खळखळतं पाणी शुद्ध. ते अर्धंच खरं. दगडांवरून आपटत जाणारं पाणी हवेतला प्राणवायू घेतं, त्यावर जिवाणू मैला पचवतात. पण कारखान्यातले जड धातू खळखळाटाने नाहीसे होत नाहीत, आणि रोगजंतूही सगळे मरत नाहीत. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे तर खळखळही नाही. पाणी संथ होतं, घाण तळाशी बसते, प्राणवायू संपून तळ काळा पडतो आणि वर जलपर्णी माजते.

मग जूनमध्ये पहिला लोंढा येतो. आपण पुलावरून बघतो आणि म्हणतो, चला, नदी धुऊन निघाली! पण त्या लोंढ्याने तळाचा काळा गाळ ढवळून वर आणलेला असतो. तो पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खातो आणि मासे मरून वर येतात. बाकीची घाण मुळा-मुठेतून भीमेत जाते. भीमेवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं. एवढ्या मोठ्या जलाशयात पाण्याचा जोर संपतो, आणि ओसरीवर झालं तेच तिथे होतं.

आमची आक्का इंदापूर तालुक्यात दिली. तिचं घर उजनीच्या पाण्यापासून फार लांब नाही. फोनवर ती दर उन्हाळ्यात विचारते, "काय रे, यंदा काय सोडलंत आमच्याकडे?" मी विषय बदलून आंब्याचा भाव विचारतो.