भोकांना मान देणारा शब्द

छिद्र हा शब्द आपल्याकडे फार बदनाम झाला. मुळात तो छिद् धातूचा. छिद् म्हणजे कापणे. छेद, विच्छेद, उच्छेद हे त्याचेच भाऊबंद. कापलं की फट पडते, फट म्हणजे उणीव, उणीव म्हणजे दोष, असा अर्थ सरकत गेला आणि संस्कृतातच छिद्र म्हणजे दुसऱ्याचं वैगुण्य झालं. ते हुडकत फिरणारा तो छिद्रान्वेषी. पोकळ, पोचट, फोल हे शब्दही याच पंगतीतले. फोल म्हणजे आत दाणा नसलेलं टरफल. त्यावरून आशा फोल ठरते, कष्ट फोल जातात. धान्यावर जगणाऱ्यांच्या भाषेने रिकामेपणाला हिणवावं, हे समजण्यासारखं आहे.

पण वीज साठवण्याच्या तंत्रात आज एका अशा वस्तूला मोल आहे, जिचा सारा गुण तिच्या भोकांत आहे. ती म्हणजे टाकाऊ वनस्पतींपासून केलेला सच्छिद्र कार्बन. त्याचं सगळ्यांत रुळलेलं उदाहरण नारळाच्या करवंटीचं. कोकणात तिला करटीही म्हणतात. संस्कृतात करोटी म्हणजे डोक्याची कवटी, आणि हे शब्द त्याच कुळातले. करवंटी हवा न लागू देता तापवली की तिच्यातले वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात, उरतो कोळसा. कार्बन या नावाचाही अर्थ तोच. लॅटिन ‘कार्बो’ म्हणजे कोळसा. त्यावरून 1787 साली लाव्हाझिए, गितों द मॉर्व्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनांची नवी नावं ठरवताना मूलद्रव्याला ‘कार्बोन’ म्हटलं.

साध्या कोळशाला मात्र भोकं कमी. ती पाडायची एक रीत वाफेची. दुसरी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून सातशे-आठशे अंश सेल्सियसला भाजण्याची. या दुसऱ्या रीतीतले शब्द मला फार आवडतात. पॉटॅश म्हणजे मूळ डच भाषेत ‘हंडीतली राख’: लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी हंडीत आटवून मिळणारा क्षार. अल्कली हा शब्द अरबी ‘अल्-कली’वरून आला, तीही खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राखच. आणि आपला क्षार? सुश्रुतसंहितेने त्याची व्युत्पत्ती क्षरण आणि क्षणन यांवरून लावली आहे. झिजवतो, खातो तो क्षार. ज्या वनस्पतींच्या राखेपासून तो करायला सांगितला आहे, त्यांत आपला आघाडाही आहे. भट्टीत नेमकं हेच घडतं: क्षार कोळशाला आतून खात जातो आणि मागे असंख्य पोकळ्या राहतात. शल्यवैद्याच्या अनुभवातून आलेली ती व्युत्पत्ती आजच्या प्रयोगशाळेतही खरी उतरते, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

असा कोळसा धुऊन, वाळवून मोजला, तर एका ग्रॅमच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळपास वीस गुंठे भरू शकतं. हे क्षेत्रफळ कामाला येतं ते महाधारित्रात, म्हणजे सुपरकपॅसिटरमध्ये. धारित्र शब्द धृ धातूचा, धरित्रीची सख्खी बहीण; दोघींचं काम धरून ठेवण्याचं. इथे वीज साठते ती मुख्यतः पृष्ठभागावर: कार्बनवर विद्युतभार आणि त्याला लगटून द्रावणातले उलट भाराचे आयन. या दुहेरी थराचं वर्णन हेल्महोल्ट्झ यांनी 1853 मध्येच केलं होतं. रासायनिक बदल जवळजवळ होत नसल्याने असं धारित्र काही सेकंदांत भरतं आणि लाखो वेळा भरता-रिकामं करता येतं. मात्र तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीइतकी ऊर्जा त्यात मावत नाही.

भोक किती मोठं, यालाही महत्त्व आहे. दोन नॅनोमीटरहून लहान ते सूक्ष्म, दोन ते पन्नास मध्यम, त्यापुढचं स्थूल. लहानांत आयन मुक्काम करतात, मोठ्यांतून ये-जा करतात. एक नॅनोमीटरहूनही अरुंद भोकं बिनकामाची, असा समज होता. 2006 साली युरी गोगोत्सी, पॅट्रिस सिमॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तिथे आयन भोवतालचं द्रावकाचं वेष्टन उतरवून शिरतात आणि साठवण उलट वाढते.

इंग्रजी ‘पोर’ ज्या ग्रीक ‘पोरॉस’वरून आला, त्याचा अर्थ वाट, नदीचा उतार. आपल्या ‘पार’शी त्याचं मूळ एकच. ग्रीकांना भोकात पलीकडे जाण्याची सोय दिसली. आपल्याकडे तशी दृष्टी नव्हती असं नाही. ती संगीताने जपली. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. बासरी, सनई ही सुषिर वाद्यं. सुषिर म्हणजेही पोकळ, भोकं असलेलं, पण या शब्दाला दोषाचा वास नाही. परिभाषा करणाऱ्यांनी ‘सच्छिद्र कार्बन’ऐवजी ‘सुषिर कार्बन’ म्हणावं, असं मला आग्रहाने सुचवावंसं वाटतं.

आणखी एक मागणं. शास्त्रीय लेखनात हा सगळा कच्चा माल ‘जैवभार’ या एका शब्दाखाली लोटला जातो. शेतात मात्र त्याला वेगवेगळी नावं आहेत. कपाशीची पऱ्हाटी, तुरीची तुराटी, उसाचं पाचट वेगळं आणि चिपाड वेगळं, ज्वारीचं धसकट, भाताचं तूस. ती नावं ठेवावीत, कारण मालही एकसारखा नाही. करवंटी कठीण, लिग्निनने भरलेली, राख अगदी कमी. तिच्यातून सूक्ष्म भोकं जास्त मिळतात. तुसाचं उलट. भाताचं रोप मातीतली सिलिका शोषून तुसात साठवतं, म्हणून तूस जाळलं की वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, आणि ती बहुतेक सिलिकाच असते. कार्बन करताना ही सिलिका कॉस्टिक सोड्याने विरघळवून काढावी लागते, आणि ती जिथून निघते तिथे नवी भोकं तयार मिळतात.