टाकी की डबे?

गेले दोन विकांत मी वीस लिटरच्या एका पत्र्याच्या डब्याबद्दल वाचण्यात घालवले. "बरा आहेस ना?" असं घरून विचारूनही झालं. पण मंडळी, विषयच तसा निघाला.

आमच्या कंपूतल्या एकाने सेकंडहँड जिप्सी घेतली. फोर व्हील ड्राइव्ह, मागची बाकं काढून टाकलेली, आणि मालक एकदम पेटलेला. थंडीत कच्छचं रण आणि तिथून वर बाडमेर-जैसलमेर असा बेत ठरला. पहिलं काम म्हणजे पाण्याची सोय. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटर काकांनी पुढच्या सीटच्या मागे बसेल अशी नव्वद लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी मापाने करून द्यायचं कबूल केलं. "एकच टाकी, खाली एक नळ, विषय संपला," इति मालक. मी म्हटलं, संपला कसा? मी हापिसात दिवसभर सर्व्हर सांभाळतो. सगळा माल एकाच जागी ठेवलेला दिसला की मला घाम फुटतो. आमच्या धंद्यात त्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात आणि त्याच्यावरून रात्री दोनला फोन येतात. तर वाद मिटवायला म्हणून मी इतिहासात शिरलो.

आधी थोडं वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे नव्वद लिटर हा एक धष्टपुष्ट माणूसच झाला. फरक इतकाच की माणूस वळणावर दांडी धरून बसतो, पाणी बसत नाही. टाकी गच्च भरलेली असेल तर ठीक, पूर्ण रिकामी असेल तरी ठीक. अर्धी असली की ब्रेक मारल्यावर सगळं पाणी पुढे धावतं आणि वळणावर बाहेरच्या बाजूला. म्हणून टँकरच्या आत भोकं असलेले आडवे पडदे, म्हणजे बॅफल, बसवतात. आपल्याकडची जुनी सोय याहून सुटसुटीत होती. पखाल कातड्याची, मऊ. पाणी कमी झालं की तीही आक्रसते, त्यामुळे आत डचमळायला फारशी जागाच उरत नाही. ("आजार रेड्याला आणि औषध पखालीला" ही म्हण आमच्या प्रॉडक्शन सपोर्टला तंतोतंत लागू पडते, पण तो वेगळ्या विकांताचा विषय.)

मात्र पखालीच्या काळात जनावर वाटेत नदीवर, विहिरीवर पाणी पिऊन घ्यायचं. मोटार आली आणि पाणी वाहून नेणारं वाहन स्वतःच त्या साठ्यातलं पाणी पिऊ लागलं. हा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला गेला तो इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव राल्फ बॅग्नोल्ड.

बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर. १९२० च्या दशकात त्याची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. सुट्टी मिळाली की हा आणि त्याचे मित्र फोर्डच्या मॉडेल टी घेऊन वाळवंटात. (आपण लोणावळ्याला जातो.) मॉडेल टीला पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं, गार होऊन खाली यायचं, एवढ्यावर इंजिन थंड राहायचं. थंड हवेच्या देशात ठीक आहे. मऊ वाळूत, खालच्या गिअरमध्ये, मागून वारा आणि डोक्यावर ऊन असताना रेडिएटरला उकळी फुटायची आणि वाफ बाहेरच्या नळीतून हवेत. म्हणजे पिण्याचं पाणी आणायचं आणि ते गाडीला पाजून आकाशात सोडायचं.

तोडगा फार साधा होता. रेडिएटरची ती नळी मोकळी न सोडता गाडीच्या बाजूला बसवलेल्या, अर्ध्या भरलेल्या डब्यात नेऊन बुडवायची. वाफ डब्यातल्या पाण्यात शिरली की तिचं पाणी होतं. डब्यालाही उकळी फुटली की गरम पाण्याचे शिंतोडे ड्रायव्हरच्या अंगावर उडायचे, हीच धोक्याची घंटा :-) मग गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. मिनिटभरात रेडिएटर गार होतो, आत पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी गुडगुड आवाज करत परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. थेंबही वाया नाही. तुमच्या आजच्या गाडीत बॉनेटखाली कूलंटची पांढरी प्लॅस्टिकची बाटली असते ना, तिचं काम याच तत्त्वावर चालतं.

१९२९ पासून याच लोकांनी मॉडेल ए फोर्ड घेऊन 'ग्रेट सँड सी'मध्ये, म्हणजे शेकडो किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये, मोहिमा काढल्या. पुढे १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर बॅग्नोल्डने जनरल वेव्हेलला गाठून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही तुकडी उभी केली. सुरुवातीला त्यात बहुतेक न्यूझीलंडचे जवान होते. गाड्या दीड टनी शेव्हरोले ट्रक, दरवाजे, टप, काचा सगळं काढून टाकलेले. वाचवलेला प्रत्येक किलो पाणी आणि पेट्रोलसाठी. आणि हे ट्रक फोर व्हील ड्राइव्ह नव्हते बरं का. फोर व्हील ड्राइव्हच्या फोर्ड त्यांना १९४१ मध्ये मिळाल्या, पण त्या पेट्रोल फार प्यायच्या, म्हणून पुढच्या वर्षी ते परत शेव्हरोलेकडे वळले. (जिप्सीच्या मालकाला मी हे अजून सांगितलेलं नाही.)

पाण्याचं रेशन माणशी दिवसाला सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, चहासकट. अंघोळ वगैरे विसरा.

आता हे पाणी ठेवायचं कशात? ब्रिटिश सैन्याकडे होता चार गॅलनचा पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. आपल्याकडच्या जुन्या रॉकेलच्या डब्याचाच भाऊ. सैनिक त्याला 'फ्लिम्झी' म्हणायचे, म्हणजे तकलादू. खडबडीत रस्त्यावर त्याचे सांधे सुटायचे. पेट्रोल भरलेल्या डब्यांमधून सुमारे तीस टक्के माल वाटेतच जायचा, असा हिशोब खुद्द जनरल ऑकिन्लेकने मांडला होता. पाण्याचं नशीब वेगळं नव्हतं, शिवाय आधी पेट्रोल भरलेल्या डब्यातलं पाणी म्हणजे तोंडात पंपाची चव. या डब्याचा सगळ्यात चांगला उपयोग सैनिकांनी शोधला तो असा: डबा अर्धा कापायचा, त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं आणि पेटवून त्यावर चहा करायचा!

चहापर्यंत गंमत आहे. पुढचं वाचताना मात्र मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

३१ जानेवारी १९४१. मेजर पॅट क्लेटनची तुकडी लिबियातल्या कुफ्राच्या दक्षिणेला गेबेल शरीफ इथे होती. इटालियन गाड्या आणि विमानांनी तिला गाठलं. तीन ट्रक जळाले, क्लेटन जखमी होऊन पकडला गेला, बाकीचे ट्रक निसटले. मागे डोंगरात लपून राहिलेले चौघे उरले: मूर, ईस्टन, विंचेस्टर आणि टाय. मूरच्या पायाला जखम, ईस्टनच्या गळ्याला. अन्न आणि पाणी ट्रकांबरोबर जळालेलं. हाताशी राहिला पाण्याचा एक डबा, त्यात दोन गॅलनहून कमी, म्हणजे नऊ लिटरच्या आत पाणी.

शरण जायचं नाही असं ठरवून ते दक्षिणेकडे, आपल्याच गाड्यांच्या चाकोरीवरून चालू लागले. वाटेत सारा इथे विहीर होती, पण ती इटालियनांनी बुजवून टाकलेली. टाय तिथल्या पडक्या झोपड्यांपर्यंत कसाबसा पोचला. दहाव्या दिवसाच्या सुमाराला फ्री फ्रेंच सैन्याच्या एका तुकडीला तो सापडला आणि त्याने पुढच्या तिघांबद्दल सांगितलं. ईस्टन जिवंत सापडला, पण त्याच संध्याकाळी गेला. विंचेस्टर त्याच्या पुढे सापडला. मूर सगळ्यात पुढे होता आणि चालतच होता. तोवर तो २१० मैल चालला होता, म्हणजे जवळपास पुण्याहून बेळगाव. जखमी पायाने, चौघांत मिळून नऊ लिटर पाण्यावर.

ट्रकवर किती पाणी होतं याला त्या दिवशी काही अर्थ उरला नाही. गाडीपासून सुटं होतं आणि हातात धरून नेता आलं, तेवढंच पाणी खरं. हे वाचल्यावर माझ्यापुरता टाकीचा वाद मिटला. मालकाला फोनवर ही गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ठीक आहे, टाकी लहान करू." आता टाकी पंचेचाळीस लिटरची, मध्ये एक बॅफल, शक्य तितकी खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. वीस-वीस लिटरचे दोन जेरीकॅन, एक आत आणि एक मागच्या दारावर. शिवाय प्रत्येकाची दोन लिटरची बाटली ज्याच्या त्याच्या सॅकमध्ये. बॅफलचे पाचशे रुपये जास्त पडतील असं काकांनी ऐकवलं, ते दिले.

राहिला तो जेरीकॅन. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही, कारण त्यात आपला देशही येतो.

१९३७ मध्ये जर्मनीत श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीतल्या व्हिन्झेंझ ग्र्युनफोगेल या इंजिनिअरने हा डबा डिझाइन केला. पत्र्याचे दोन भाग दाबून काढायचे आणि कडेने वेल्ड करायचे. बाजूवर ठसा उमटवलेली मोठी फुली, तिच्यामुळे पत्र्याला ताकद येते आणि आतला माल गरम होऊन फुगला तर सामावतो. वर एक नाही, तीन मुठी. त्यामुळे दोन माणसांना मिळून एक भरलेला डबा उचलता येतो आणि एका माणसाला एका हातात दोन रिकामे. झाकण खटक्याचं, पाना लागत नाही. आत हवेची नळी, म्हणून ओतताना भकभक होत नाही. वरती हवेची थोडी जागा अशी की भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. आणि आतून अस्तर, जे मुळात बिअरच्या लोखंडी पिंपांसाठी शोधलं गेलं होतं. पाण्याच्या डब्यांवर मोठा पांढरा क्रॉस रंगवलेला. कोड रिव्ह्यूला असं काही आलं तर मी एकही कॉमेंट न टाकता पास करीन.

जर्मनांनी हे गुपित ठेवलं होतं. ते फुटलं ते पर्यटनामुळे. रिचर्ड डॅनियल या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने १९८७ मध्ये लिहिलेली हकिगत अशी: पॉल प्लाइस हा अमेरिकन इंजिनिअर बर्लिनमध्ये काम करायचा. १९३९ च्या उन्हाळ्यात त्याने एका जर्मन सहकाऱ्याबरोबर गाडीने हिंदुस्थानात यायचा बेत केला. मोटारीच्या चासीवर खास बॉडी बांधून घेतली. सगळं झाल्यावर लक्षात आलं की अडीअडचणीसाठी पाणी कशात ठेवायचं याचा विचारच केलेला नाही! जर्मन मित्राला माहीत होतं की टेम्पलहोफ विमानतळावर हे डबे साठवलेले आहेत. त्याने तीन उचलले आणि गाडीच्या खाली बसवले.

अकरा देशांच्या सीमा ओलांडून झाल्यावर गोअरिंगने विमान पाठवून त्या जर्मन इंजिनिअरला परत बोलावून घेतलं. जाण्याआधी त्याने डबा कसा बनवतात याचे बारीकसारीक तपशील प्लाइसला देऊन टाकले. प्लाइस एकटाच पुढे कलकत्त्यापर्यंत आला, गाडी तिथेच ठेवली आणि अमेरिकेला परतला. तिकडे लष्कराला सांगून पाहिलं, पण नमुना नाही म्हणून कोणी ऐकेना. अखेर १९४० मध्ये गाडी आणि तिन्ही डबे कलकत्त्याहून वळसे घेत न्यूयॉर्कला पोचले.

त्यानंतरची कथा तुम्हाला कुठल्याही प्रोजेक्टमध्ये भेटेल. अमेरिकन लष्कराने डब्यात 'सुधारणा' केल्या. आकार, माप आणि मुठी तेवढ्या ठेवल्या. कडेचं वेल्डिंग काढून दुमडलेला सांधा दिला. झाकणाला पाना लागू लागला आणि ओतायला नरसाळं. दरम्यान आफ्रिकेतले ब्रिटिश सैनिक जर्मनांचे मिळतील तेवढे डबे पळवत होते. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून नाव जेरीकॅन. प्लाइसने दुसरा डबा लंडनला पोचता केला आणि ब्रिटिशांनी एक शहाणपणा केला: काहीही न बदलता जशीच्या तशी नक्कल केली. १९४३ च्या सुरुवातीला असे वीस लाख डबे उत्तर आफ्रिकेत पोचले. युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा, डॅनियलच्या हिशोबाने, त्या खंडभर दोन कोटी दहा लाख डबे विखुरलेले होते.