4 सप्टेंबरचा प्रश्न

शास्त्रभाग : यहोशवा, अध्याय 4



उकव्यात आम्ही काही कुटुंबे संध्याकाळी घरोघरी प्रार्थनेला जमतो. मुलांचे लक्ष लागावे म्हणून मागच्या वर्षी आम्ही एक उपक्रम सुरू केला. प्रार्थनेआधी फळ्यावर त्या दिवसाची तारीख लिहायची आणि त्याखाली प्रश्न : आजच्या दिवशी पूर्वी काय घडले? बरोबर उत्तराला एक गुण आणि महिन्याच्या शेवटी बक्षीस.

मुलांना गोडी लागली. 10 फेब्रुवारीला विचारले, 1895 साली मुंबईत कोणत्या मराठी कवीचा बाप्तिस्मा झाला? रेव्हरंड नारायण वामन टिळक. 5 एप्रिलला विचारले, 1922 साली केडगावात कोण प्रभूमध्ये निजले? पंडिता रमाबाई. मुले मोबाइलवर शोधून तयारीनेच येऊ लागली.

पण या आनंदात एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नाही. खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा कधी प्रार्थना चुकवत नसत, ते येईनासे झाले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “तुमच्या परीक्षेत मी नापास होतो रे बाबा. परवा त्या पोराने मला माझाच वाढदिवस विचारला. आई सांगायची, पोळ्याच्या आसपासचा, नदीनाल्यांना पूर होता. साल कोणाला ठाऊक?” ते हसले, पण आम्हाला हसता आले नाही. पुढच्या दिवशी आमच्या घरी बसा, एवढीच विनंती करून आम्ही निघालो. ते आले.

तो दिवस 4 सप्टेंबर होता. फळ्यावर प्रश्न होता : 1863 साली आजच्या दिवशी नागपूरजवळ पुरात कोणाचा मृत्यू झाला? एका मुलीने उत्तर दिले, “रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.” गुण मिळाला. एरवी आम्ही फळा पुसून गीताकडे वळलो असतो. त्या दिवशी मात्र थांबून हिस्लॉपसाहेबांची गोष्ट सांगितली.

स्कॉटलंडहून आलेल्या या मिशनऱ्याने 1845 साली नागपुरात काम सुरू केले. शाळा काढली, सुवार्ता सांगितली. त्याचबरोबर त्यांना दगडांचे वेड होते. खडक, खडकांत उमटलेली पाने, प्राचीन प्राण्यांचे अवशेष असे सगळे ते जमवत. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिले आणि ते लंडनच्या विद्वानांनी वाचले. 4 सप्टेंबरला ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. परतताना घोड्यावरून फुगलेला ओढा ओलांडू लागले आणि वाहून गेले. वयाची 46 वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. पुढे 1883 साली त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज नागपुरात उभे राहिले.

आणखी एक गोष्ट सांगितली. हिस्लॉपसाहेबांनी गोंड लोकांची माहिती गोळा केली होती. गोंडांच्या लिंगोची लांबलचक गाथा त्यांनी एका परधानाच्या तोंडून ऐकून शब्दशः उतरवून घेतली होती. त्यांच्या मृत्यूनंतर हे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. म्हणून ती गाथा जगाला कळली.

आमच्यात एक गोंड कुटुंबातला मुलगा बसतो. तो एरवी फार बोलत नाही. त्या दिवशी त्याने विचारले, “साहेबांची तारीख आपण लिहिली. मग गाणं सांगणाऱ्याची कोणती?”

सगळे गप्प झाले. दिनविशेषाच्या यादीत त्या परधानाला जागा नाही. लिहून घेणाऱ्याचा दिवस आपण पाळतो. ज्याने ती गाथा बापाकडून, आजोबांकडून ऐकली, पाठ केली आणि परक्या माणसाला भरवशाने सांगितली, तो मात्र नुसता “एक परधान” राहतो. हिस्लॉपसाहेबांचा मान याने कमी होत नाही. त्यांनी कान देऊन ऐकले, म्हणून तर तो परधान निदान एवढा तरी आपल्यापर्यंत पोहोचला.

तेव्हा आम्हाला यार्देन नदीकाठची गोष्ट आठवली. इस्राएल लोक कोरड्या पात्रातून पार गेले, तेव्हा प्रत्येक वंशातला एक अशा बारा माणसांनी नदीतून बारा धोंडे उचलून आणले आणि ते गिलगालात उभे केले. शास्त्रात दिवसही नोंदला आहे, पहिल्या महिन्याचा दहावा. म्हणजे तारखेला किंमत आहे. पण पुढे काय सांगितले आहे ते पाहा. मुले हे धोंडे पाहून त्यांचा अर्थ विचारतील आणि वडिलांनी तो सांगायचा आहे. तिथे प्रश्न मुलांचा आहे आणि उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आहे. आम्ही नेमके उलटे केले होते. प्रश्न आमचा, उत्तर मोबाइलचे, आणि वडीलधारे नापास.

त्या दिवसापासून गुण देणे बंद केले. तारीख आजही लिहितो, पण उत्तर मिळाल्यावर दुसरा प्रश्न विचारतो : हे आपल्या घरात कोणाला आठवते?

1 नोव्हेंबरला मुले लगेच म्हणाली, “1956, मध्य प्रदेशाचा स्थापना दिन.” मग एक आजी बोलल्या. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला गेली आणि आपला बालाघाट जिल्हा इकडे राहिला. घरात मराठी आणि शाळेत हिंदी असे का, हे मुलांना त्या संध्याकाळी कळले.

22 जूनला 1962 सालचा प्रश्न होता. त्या दिवशी आपल्या मॅंगनीज खाणींची मॉइल कंपनी स्थापन झाली. त्याआधी खाणी इंग्रज कंपनीकडे होत्या. पण त्या दिवशी बोलले ते आजोबाच. खाणीत पहिल्यांदा उतरले तेव्हा एका जुन्या कामगाराने त्यांना लोखंडी सळईने छत ठोकून आवाज ऐकायला शिकवले होते. खणखणीत वाजले तर दगड धरून आहे, पोकळ वाजले तर खाली उभे राहू नये. आजोबा म्हणाले, “त्याच्यामुळे मी जिवंत आहे.” मग त्यांनी त्या माणसाचे नाव घेतले. मुलांनी ते फळ्यावर 22 जूनच्या खाली लिहिले.

प्रियांनो, परमेश्वर विसरत नाही, हा आपला विश्वास आहे. ज्यांची तारीख कोणत्याच यादीत नाही, त्यांची नावेही त्याच्यापाशी आहेत. पण आपल्या लेकरांना ती सांगण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. तारीख विचारू नका. तुम्हाला कोणी शिकवले, कोणी वाचवले, कोणी प्रथम प्रार्थना करायला लावले, एवढेच विचारा. आणि ते नाव लिहून ठेवा.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्याआधी चाललेल्यांबद्दल तुझे आभार मानतो. आमच्या मुलांना विचारण्याची इच्छा दे, आणि आम्हाला ऐकून घेण्याचा धीर दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.